बावीस झडपा

"खाली कोण आहे? जे कोण असाल ते, जरा हात वर करा."

आवाज वरून आला. धाकटी नुकतीच फाटकातून आत शिरली होती. खांद्यावर कपड्यांची पिशवी, हातात भाचीसाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा. आजूबाजूला दुसरं कुणीच दिसेना. तेव्हा तिने सामान पायरीवर ठेवलं आणि गुन्हा कबूल करणाऱ्या माणसासारखे दोन्ही हात वर केले. वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या चौकटीतून दोराला बांधलेली खिडकीची एक लाकडी झडप हळूहळू खाली आली आणि तिच्या हातांवर टेकली.

"धरलीत?"

"धरली. आता काय करू?"

"काही नाही. नुसती धरून ठेवा. हा मी आलोच."

'आलोच' म्हणणारी माणसं कधीच लगेच येत नाहीत, हा तिचा जुना अनुभव. तो पुन्हा एकदा आला. जिन्यावर पावलं वाजली, थांबली, परत वर गेली, कसली तरी ठोकाठोक झाली आणि मग कुठे सुतार दारातून बाहेर आला. तिशीचा, उंच, भुवयांवर भुसा, कानामागे पेन्सिल. त्याने आधी झडपेचे चारही कोपरे निरखून पाहिले आणि मग तिच्याकडे पाहिलं. हा क्रम तिला जरासा लागला. त्याच क्रमापायी तो तिला आवडायला लागणार होता, पण ते पुढे.

"मला वाटलं, साहेब आहेत खाली," तो म्हणाला.

"साहेब माझे दादा. मी त्यांची धाकटी बहीण."

"जड होतेय का?"

"मघाशी नव्हती. आता व्हायला लागलीय."

तो हसला. झडप एका हाताने सहज उचलून आत निघाला आणि दोन पावलांवर थांबून मागे वळला, काही विसरलं तर नाही ना हे बघायला वळल्यासारखा. विसरण्यासारखं त्याचं तिथे काहीच नव्हतं.

दादा-वहिनीने हे घर घेतलं तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. एकशे तीस वर्षांचं दुमजली घर. कधीकाळी तिथे गाण्याची शाळा होती, मग पोस्ट, मग कुणाची तरी वखार, आणि शेवटची कित्येक वर्षं नुसती कबुतरं. दर्शनी भिंतीवर नगरपालिकेची पितळी पाटी होती: वास्तू ऐतिहासिक आहे, बाहेरून काही बदलायचं नाही. म्हणजे नव्या खिडक्या बसवायचा मार्ग बंद. जुन्याच काढायच्या, दुरुस्त करायच्या आणि जिथल्या तिथे पुन्हा लावायच्या.

दादा बसडेपोत वेळापत्रकं करायचा. वहिनी शाळेत गणित शिकवायची. भाड्याची जागा सोडून, चार वर्षांच्या ठकीला घेऊन दोघं मागच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. पुढच्या खोल्यांच्या अकरा खिडक्यांना अजून प्लॅस्टिकचे पडदे. कामावरून आल्यावर दादा जिन्याचा कठडा घासायला बसायचा आणि वहिनी गुडघ्यांवर बसून फरशीवर सांडलेला जुना रंग खरवडायची. दमायची, एकमेकांवर खेकसायचीसुद्धा, पण रोज हातभर घर उजळलेलं असायचं. धाकटीला या दोघांचा भारी अभिमान. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची; तिथून दोन आठवड्यांची रजा काढून ती मदतीला आली होती. घराच्या मदतीला, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

पण पहिल्याच दिवशी ती सुताराच्या कामाजवळ जी बसली, ती बसलीच. दादा त्याला मिस्त्री म्हणायचा, म्हणून तीही म्हणायला लागली. मिस्त्री झडप आडवी ठेवायचा आणि आधी नुसता हात फिरवायचा. जेवढं लाकूड कुजलंय तेवढंच काढायचा, नखभरही जास्त नाही. तेवढ्याच मापाचा नवा तुकडा असा बसवायचा की बोट फिरवलं तरी सांधा लागत नसे. घाई नाही, बडबड नाही. तुकडा नीट बसला की स्वतःशीच 'हं' म्हणायचा. त्या 'हं'साठी ती दिवसातून तीनदा चहा घेऊन जायला लागली.

"मिस्त्रींना एवढा चहा लागतो हे मला माहीत नव्हतं," वहिनी म्हणाली.

"भुशाने घसा कोरडा पडतो, वहिनी."

"कुणाचा?"

धाकटीने ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

शुक्रवारी मिस्त्री सहज बोलून गेला. "या खिडक्या लागल्या की निघालो. बंदराच्या गावाला एक जुनं नाट्यगृह आहे, त्याचं सगळं लाकूडकाम. दहा महिने तरी तिकडेच."

"छान की," धाकटी म्हणाली. कडू औषध घेतलेलं माणूस 'छान आहे' म्हणतं तसं. झाडावर घरटं नाही आणि पाखरू उडालं म्हणून रडायचं, असला हा प्रकार. तरी तिला रडू आलं हे खरं. अकरावी खिडकी बसली की हा माणूस जाणार, हे त्या दिवसापासून तिच्या डोक्यातून जाईना.

रविवारी तिने घोळ घातला. मिस्त्रीची सुट्टी होती. दुरुस्त झालेल्या बावीस झडपा पुढच्या मोठ्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या होत्या, धुळीने माखलेल्या. दादा-वहिनी ठकीला घेऊन बाहेर गेलेले. धाकटीला वाटलं, परत येईपर्यंत सगळं लख्ख करून ठेवावं, सगळे खूश होतील. 'सगळे' म्हणजे कोण, ते सोडा. बादल्या भरभरून गरम पाणी, साबण, ब्रश. पुढून, मागून, कडा, कोपरे. बावीसच्या बावीस झडपा तिने घासल्या, उन्हात वाळवल्या आणि आत आणून ठेवल्या. कंबरेचे पार तुकडे पडले, पण खोली बघून तिचा ऊर भरून आला.

सोमवारी सकाळी मिस्त्री आला. झडपांसमोर उभा राहिला. एक उलटी केली, दुसरी उलटी केली.

"आकडे कुठे गेले?"

"कसले आकडे?" धाकटीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

प्रत्येक झडपेच्या मागे खडूने आकडा होता. कुठली खिडकी, कुठली बाजू. हाताने केलेलं जुनं काम; अकरा चौकटींत दोन एकसारख्या नव्हत्या. कुणी बोटभर रुंद, कुणी नखभर उंच. आकड्यांशिवाय कुठली झडप कुठली, ते सांगणं कठीण.

मिस्त्री जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं धाकटीला झालं. मग त्याने हात बाजूला केले, तर स्वारी हसत होती.

"दुकानात तुम्ही काय करता म्हणालात?"

"चष्म्याचे... नंबर काढते."

"मग तुमची काही चूक नाही. सवयीने काढलेत."

दादाने डोक्याला हात लावला. वहिनीने कागद घेऊन हिशेब मांडला आणि मग तो कागद गुपचूप घडी करून ठेवला. एकेक झडप एकेका चौकटीला लावून बघायची, याला दुसरा इलाज नव्हता. झडपा आणायला, धरायला एक माणूस लागेल, असं मिस्त्री म्हणाला.

"ज्याने धुतल्या त्याने उचलाव्यात," वहिनीने निकाल दिला. शिक्षा झालेल्या माणसाने एवढं खूश होऊ नये, म्हणून धाकटीने मान खाली घातली.

मग सुरू झालं. तो शिडीवर, ती खाली.

"ही?"

"वर अडतेय."

"आणि ही?"

"खाली फट राहतेय."

"नीट सांगा. ही बरी, की आधीची बरी?"

"तुम्ही मला चष्मा देणार आहात का?"

"द्यावा लागेलसं वाटतंय. वर बघा. आता खाली. आता इकडे, माझ्याकडे."

त्याने पाहिलं. पुढचं वाक्य तिला पाठ होतं, दिवसातून तीस वेळा ती ते म्हणायची; पण ते काही केल्या आठवेना. त्याची नजर हलेना. वरची झडप मात्र हलली आणि चौकटीवर आपटली, तेव्हा दोघं भानावर आली.

"नंबर नाही," ती घाईघाईने म्हणाली. "डोळे चांगले आहेत."

"तुमचेही," तो म्हणाला आणि शिडीवरून उतरून, काही गरज नसताना, पाणी प्यायला गेला.

बुधवारपर्यंत दोन खिडक्या बसल्या. दुपारी मिस्त्री स्क्रू आणायला गेला. रविवारच्या गरम पाण्याने झडपांच्या कडांवरचा जुना रंग सुटून आला होता, तो धाकटी खरवडत बसली. वरच्या कडेचा एक पापुद्रा निघाला आणि खाली तिरक्या खाचा दिसल्या. चार. पटाशीने कोरलेल्या, अगदी सारख्या अंतरावर. दुसरी झडप पाहिली. तिच्यावर सात. ती शिडीवर चढली, चौकटीच्या वरच्या लाकडाला आतून हात लावला. तिथेही खाचा. एक, दोन, तीन, चार.

एकशे तीस वर्षांपूर्वी ज्याने या खिडक्या केल्या, त्यालाही हीच काळजी पडली असणार. त्याने उत्तर लाकडातच कोरून ठेवलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. त्या कधी न पाहिलेल्या माणसाचं तिला इतकं कौतुक वाटलं, की आनंदाने ओरडायला तिने तोंड उघडलं.

आणि मिटलं. खाचा मोजून लावल्या, तर उरलेल्या नऊ खिडक्या एका दिवसात झाल्या असत्या. म्हणजे गुरुवार. म्हणजे शुक्रवारी तो...

ती खाली उतरली. रंगाचे पापुद्रे गोळा करून टाकून दिले. झडप उलटी करून ठेवली.

"काही सापडलं?" परत आलेल्या मिस्त्रीने विचारलं.

"छे. काय सापडणार?"

"नाही, जुन्या रंगाखाली कधी कधी काहीतरी सापडतं."

"मला नाही सापडलं," ती म्हणाली, आणि नको तितकी मान हलवली.

चोराच्या मनात चांदणं. आता तिला दर वेळी चुकीची झडप शोधून न्यावी लागे आणि चुकीची मिळायला आधी बरोबर कुठली ते बघावं लागे. हे काम काही सोपं नव्हतं. एकदा बोलण्याच्या नादात तिने चुकून बरोबर झडप पुढे केली. ती चौकटीत लोण्यासारखी सरकली. आता संपलं, असं वाटून तिने श्वास रोखला. मिस्त्रीने झडप दाबून पाहिली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "घट्ट वाटतेय. दुसरी द्या." लाकूड फुगलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या बाईला नाकासमोरचं दिसू नये, याला काय म्हणावं?

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवसांत एक खिडकी. पण गप्पा किती झाल्या. त्याला शिसवी लाकडाचा वास आवडायचा आणि विमानाची भीती वाटायची. ती झोपेत लोकांना अक्षरं वाचायला सांगते, हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगून टाकलं. तो हसला, मग हसायचा थांबला आणि नुसता बघत राहिला. इतक्या साध्या गोष्टींनी माणूस इतकं सुखी होतं, हे तिला नव्यानेच कळत होतं.

शनिवारी संध्याकाळी वारा फिरला. थंडगार, बोचरा. प्लॅस्टिकचे पडदे फडफडायला लागले, घरभर गारठा शिरला आणि ठकीला खोकला झाला. धाकटी आपल्या अंथरुणातून तो खोकला ऐकत राहिली. प्रत्येक उबळ तिच्या नावावर जमा होत होती.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी वहिनी म्हणाली, "एक गणित सुटत नाहीये मला."

"काय गं?" दादा म्हणाला.

"पूर्ण आठवडा झाला. तीन खिडक्या. डोळे मिटून झडपा लावल्या असत्या तरी याहून जास्त लागल्या असत्या. अहो, अंधारात मारलेले दगडसुद्धा कधीतरी लागतात. रोज चुकायचं म्हणजे माणसाला बरोबर काय ते आधी माहीत असावं लागतं."

"लाकूड फुगतं गं," दादा म्हणाला.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती धाकटीकडे बघत होती. रागाने नव्हे. ते जास्त वाईट होतं. आतल्या खोलीत ठकी खोकली, आणि धाकटी अर्धा चहा तसाच ठेवून उठली.

पुढच्या खोलीत मिस्त्री उभा होता. रविवार असून, इतक्या सकाळी. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

"मला तुम्हाला सांगायचंय," ती म्हणाली. "तुम्ही रागावणार आहात."

"सांगा तर."

"या झडपांना खाचा आहेत. वरच्या कडेला. चौकटींनाही आहेत. मोजून लावल्या तर सगळं एका दिवसात होतं. मला... बुधवारपासून माहीत आहे."

त्याने भिंतीला टेकलेल्या झडपांकडे पाहिलं.

"माहीत असून बोलले नाही. काम संपलं असतं म्हणून."

"काम संपलं तर काय बिघडतं?"

"तुम्ही गेला असतात," ती म्हणाली. तिने नजर हलवली नाही. "आणि तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. फार वाटतं."

वाऱ्याने पडदा फुगला आणि पुन्हा बसला. मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, परत ठेवली.

"मला सोमवारीच कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"खाचांचं. आधी रंगाचे इतके थर होते की पत्ताच लागला नाही, म्हणून तर खडू घेतला. तुम्ही गरम पाण्याने धुतलंत, रंग सुटला. सोमवारी दुपारी एक झडप उचलली आणि खाच बोटाला लागली. सुताराची खूण सुताराला कळणार नाही?"

धाकटी बघतच राहिली. "मग आठवडाभर मला एवढाली ओझी का उचलायला लावलीत?"

"बुधवारपासून तुम्ही का उचललीत?"

आधी तिला हसू आलं, मग त्याला, आणि दोघं पोट धरधरून हसली. मग आतून खोकला ऐकू आला. हसू जागच्या जागी विरलं.

"मी आज साहेबांना सांगायलाच आलो होतो," तो म्हणाला. "आपल्या सुखासाठी त्या लेकराला गारठ्यात ठेवलं. लाज वाटते."

"मलाही."

"मग आधी खिडक्या."

"आधी खिडक्या," ती म्हणाली. आणि बाकीचं नंतर, हे कुणीच म्हणालं नाही.

तो दिवस धाकटी जन्मभर विसरणार नव्हती. दादा शिडी धरायला, वहिनी खाचा मोजायला. सहा खाचांची झडप सहा खाचांच्या चौकटीत जाताना कसला आवाज नाही, जोर नाही; घरचं माणूस घरात यावं तशी आत. दर वेळी मिस्त्रीचं ते 'हं'. त्याच्या तोंडावर असा आनंद तिने पाहिलाच नव्हता. एका खाचेवर अंगठा फिरवत तो म्हणाला, "या माणसाचा हात बघा. शंभर वर्षांनी कुणीतरी येणार, हे धरून काम केलंय त्याने."

उजेड असतानाच अकरावी खिडकी मिटली. फडफड थांबली आणि घर इतकं शांत झालं, की सगळ्यांना आपापला श्वास ऐकू आला. दादाने चौकटीवरून हात फिरवला. वहिनीने ठकीला कडेवर घेऊन पहिल्यांदा पुढच्या खोलीत आणलं आणि मधोमध उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "हे सोमवारीच व्हायचं. उशीर माझ्यामुळे झाला."

"माझ्यामुळे," धाकटी म्हणाली.

"म्हणजे? मला कळलं नाही," दादा म्हणाला.

"तुम्हाला कळायची गरज नाही," वहिनी म्हणाली. "ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. मिस्त्री, झालं ते झालं. आणि धाकटे, त्यांना पायऱ्यांपर्यंत सोडून ये."

बाहेर वारा होता, पण आता त्याचा राग येत नव्हता. शेवटच्या पायरीवर तो थांबला.

"मी नाट्यगृहवाल्यांना कळवतो. येत नाही म्हणून. इथे आसपास बारीकसारीक कामं मिळतील."

एक क्षण तिला वाटलं, हो म्हणावं. बुधवारपासून दुसरं हवं तरी काय होतं? पण दिवसभर त्या खाचांवरून फिरणारा त्याचा अंगठा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"नको," ती म्हणाली. "जा तुम्ही. अहो, तुम्हाला काम करताना बघूनच तर मी कामातून गेले. तेच सोडलंत, तर माझा मलाच राग येईल."

"दहा महिने आहेत."

"माहीत आहे. मोजलेत मी."

तो खाली बघत राहिला. अडखळत त्याने विचारलं, "मग... थांबाल माझ्यासाठी?"

"नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तिला तो उतरलेला चेहरा इतका आवडला, की तिने पुढे होऊन त्याच्या भुवईवरचा भुसा बोटाने झटकला.

"थांबून झालंय माझं आठवडाभर. आता मी येणार आहे. पहिल्याच रविवारी, सकाळच्या गाडीने. स्टँडवर उभा राहा."

'उभा राहा' म्हणून गेली आणि तीच दचकली. अहो-जाहो कुठल्या कुठे गळून पडलं होतं. तो मात्र दचकला नाही. त्याने तिचा हात हातात घेतला, आधी नुसता, मग घट्ट.

"राहतो," तो म्हणाला. "तू ये."